बघायला आलेला रेफ्री

रेफ्रीनं खिशातनं लाल कार्ड काढलं आणि माझ्या दंडात नखं घुसली.

नखं माझ्या बहिणीची होती आणि कार्ड आमच्या सर्जाला होतं. स्टेडियममधली अर्धी माणसं, म्हणजे आमची बिरोबा तालमीची माणसं, उभी राहून त्या रेफ्रीच्या आईची, बहिणीची आणि अजून न झालेल्या बायकोची मोठ्या आवाजात विचारपूस करत होती. ती न झालेली बायको माझ्याच शेजारी बसून माझा दंड सोलून काढतेय, हे तोवर मलाही माहीत नव्हतं.

"फोडतील काय रे त्याला?" अक्कानं विचारलं.

"फोडायलाच पाहिजे. आंधळा हाय. सर्जाचा पाय बॉलला लागलाय, सगळ्या गावानं बघितलंय."

"धैर्या, तोंड बंद कर आणि ऐक. उद्या मला बघायला येणार आहे ना, तो हा."

मी मैदानाकडं बघितलं. तो शांत उभा होता. सर्जा त्याच्या नाकाला नाक लावून त्याला फुटबॉलचे नियम समजावून सांगत होता. पलीकडं नागझरीचा उदय शिर्के गवतावर घोटा धरून लोळत होता आणि आमचे लोक त्याला, नाटक कंपनी काढ म्हणून सल्ला देत होते. तेवढ्यात एक पाण्याची बाटली रेफ्रीच्या कपाळावर बसली. पाठोपाठ एक चप्पल आली. घडीव, करकर वाजणारी, खास कापशीच्या कारागिराकडनं करून घेतलेली चप्पल होती ती. मी चार पायऱ्या खाली बघितलं. आमचे वडील, आबा, एका पायावर उभे होते.

"देवा," अक्का म्हणाली.

कोल्हापूर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आमची पेठ आणि नागझरी पेठ यांच्या मधे एक रस्ता आहे, बाकी काही नाही. रस्त्याच्या अलीकडं बिरोबा तालीम, पलीकडं नागझरी तरुण मंडळ. नावं तालमीची आणि मंडळाची, संघ दोन्ही फुटबॉलचे. एरवी आम्ही एकमेकांच्या लग्नाला जातो, मयताला खांदा देतो, विरजण उसनं आणतो. दोघांची मॅच लागली की मात्र विरजणसुद्धा आपल्याच पेठेतलं लागतं. अशा मॅचला गावातला रेफ्री चालत नाही, कारण गावातला प्रत्येक माणूस कुठल्यातरी पेठेत जन्मलेला असतो. म्हणून संघटना बाहेरचा माणूस बोलावते. त्या वेळी नेमलेल्या रेफ्रीला आदल्या दिवशी ताप आला. आमच्या मॅचच्या आधी रेफ्रींना ताप येतोच, त्यात नवल नाही. मग ऐनवेळी गडहिंग्लजहून हा निवास रेडेकर आला.

"त्यानं काल फोन केला होता," अक्का कुजबुजली. "मी म्हटलं, नको येऊ. तर म्हणाला, नेमणूक आलीय, नाही कसं म्हणू. मी म्हटलं, निदान कार्ड तरी काढू नकोस. तर म्हणाला, ते टॅकलवर आहे."

असल्या माणसाच्या प्रेमात पडायला माझीच बहीण हवी होती. अक्का हायस्कूलात विज्ञान शिकवायची. मुलींचा खो-खोचा संघ घेऊन ती तालुक्याच्या स्पर्धेला गेली होती आणि तिथं हा पी.टी.चा मास्तर शिट्टी वाजवत होता. त्यांनी आपापसात ठरवून टाकलं आणि मग आमच्या दत्तूमामाला मध्यस्थ म्हणून पुढं केलं. मामानं आबांना सांगितलं, "दाजी, मुलगा गडहिंग्लजचा, शिक्षक, निर्व्यसनी, आणि खेळाची आवड हाय." यात एक अक्षर खोटं नव्हतं. फक्त आवड कुठल्या बाजूनं, ते मामानं सांगितलं नाही.

आणि आबांकडनं होकार मिळवणं हे खायचं काम नव्हतं. आबा म्हणजे बाजीराव इंगवले, बिरोबा तालमीचे अध्यक्ष आणि एके काळचे बॅक. याआधीचं एक चांगलं स्थळ त्यांनी मोडलं, कारण मुलाचं घर नागझरी पेठेत होतं. दुसरा मुलगा पोहे खाताना म्हणाला, "फुटबॉल म्हणजे काय, नुसतं पळायचंच ना?" त्याच्या हातातला चहा अर्धा राहिला तो राहिलाच. अक्कानं तेव्हाच मला सांगितलं होतं, की आता यापुढचं मोडलं तर मी परत कुणासमोर ट्रे घेऊन येणार नाही. ती बोलते ते करते, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. आबांना सोडून.

सर्जा बाहेर गेला तेव्हा आम्ही एक गोलनं पुढं होतो. मॅच संपली तेव्हा एक गोलनं मागं. रेफ्रीला पोलिसांच्या गाडीतनं न्यावं लागलं.

संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर कोर्ट बसलं. ही आमच्याकडची जुनी रीत. मॅच हरली की कट्ट्यावर खटला चालतो. आरोपी रेफ्री असतो, तो हजर नसतो, आणि निकाल आधीच लागलेला असतो. त्यामुळं कामकाज भराभर चालतं. सेक्रेटरी बापू सुतार मोबाईलवरचा व्हिडिओ घेऊन मधे बसला होता. सर्जाचा बूट बॉलला टेकतो त्या जागी तो बरोबर थांबवायचा. पुढच्याच क्षणी तो बूट उदयच्या घोट्यावर चढतो, पण तिथवर व्हिडिओ जायचाच नाही.

"हे बघा. बॉल हाय का न्हाई? हाय. पाय बॉलला हाय का न्हाई? हाय. मग रेड कशाची?"

"उदय आधीच पडायला निघालावता," कुणीतरी म्हणालं. "सर्जाचा पाय नुसता वाटेत आला."

"आणि पाय मोडलाय का त्याचा? चालत गेला की दवाखान्यात. मोडला न्हाई म्हंजे टॅकल धोक्याचा कसा?"

"आणि मोडला असता तर?" मी विचारलं. दंडाची आग होत होती म्हणून विचारलं असेल.

बापूनं माझ्याकडं कीव केल्यासारखं बघितलं. "मोडला असता तर त्येचं नशीब. त्यात सर्जाचा काय दोष?"

एवढं निर्दोष तर्कशास्त्र मी नंतर कॉलेजातही ऐकलं नाही.

मग ओघानं आबांच्या टॅकलची गोष्ट निघाली. ती दर पराभवानंतर निघायची. तीस वर्षांपूर्वी नागझरीचा एक फॉरवर्ड गोलच्या तोंडाशी एकटा सुटला होता, आणि आबांनी झेप घेऊन त्याला असा काही आडवा केला की बिरोबाची पोरं चषक घेऊनच घरी आली. "शिट्टीसुदिक वाजली न्हाई!" बापू मांडीवर थाप मारून म्हणायचा. "त्याला म्हणत्यात टॅकल. आणि त्याला म्हणत्यात रेफ्री!" गोष्टीत आबांना नाव होतं, बॉलला रंग होता, चषकाला उंची होती. फॉरवर्डला तेवढं नाव नव्हतं.

आबा एका पायात चप्पल घालून कट्ट्यावर उभे राहिले. "मी सांगतो," ते म्हणाले, "हा रेफ्री परत या पेठेत पाणी पिऊन जाऊ दे. त्या दिवशी अध्यक्षपद सोडलं म्हणून समजा."

टाळ्या पडल्या. मी घरी येऊन अक्काला सांगितलं. ती उद्याच्या पोह्यांसाठी शेंगदाणे निवडत होती. तिनं वाटी खाली ठेवली.

"मग चहा देऊ," ती म्हणाली. मग निवडलेलेच शेंगदाणे ती परत निवडायला लागली.

आमची आई शालन, तिचं माहेर नागझरी पेठेतलं. दत्तूमामा तिचा थोरला भाऊ. दोन्ही पेठांची मॅच असली की ती देवापुढं दोन निरांजनं लावायची, कुठलं कुणासाठी ते विचारायची कुणाची छाती नव्हती. मामा चालताना उजवा पाय ओढायचा, त्याचा घोटा बाहेरच्या बाजूला फिरलेला होता. तो कशानं फिरला हे मला शाळेत असताना कळलं, आणि आमच्या घरात त्याबद्दल बोलायचं नसतं हेही त्याच दिवशी कळलं. अक्कानंही ते कधी कुणाला सांगितलं नव्हतं. ज्याच्याशी लग्न ठरवलं त्यालासुद्धा.

सोमवारी शाळा सुटल्यावर निवास आला. पसंती झाली तर घरची माणसं नंतर यायची होती, त्यामुळं सोबत फक्त मामा. आमच्या बाजूनं बापू सुतार होता. अध्यक्षांच्या घरचं कार्य आणि सेक्रेटरी नाही, असं कसं चालेल?

आबा इस्त्रीचा शर्ट घालून कोचावर बसले होते. दारातनं आत आलेल्या तरुणाच्या कपाळावर चिकटपट्टी होती. आबांनी त्याला पायापासनं डोक्यापर्यंत बघितलं.

"या पाव्हणं. बसा. तुमास्नी कुठंतरी बघितलंय."

"काल," निवास म्हणाला. मग त्यानं हातातली पिशवी पुढं केली. "तुमची ही एक माझ्याकडं राहिली होती. घडीव आहे, जोड फुटायला नको म्हणून आणली."

आबांनी पिशवीत बघितलं. पिशवीत चप्पल होती. बापूनं आबांच्या खांद्यावरनं वाकून बघितलं आणि त्याच्या घशातनं बाटलीचं बूच निघाल्यासारखा आवाज आला.

आता दारात आलेल्या पाहुण्याला, त्यातून मुलगी बघायला आलेल्याला, हाकलायचं नसतं. नागझरीच्या माणसालाही नाही. आबा आतल्या आत उकळत होते, पण तोंडातनं "तुमी" सोडून शब्द निघत नव्हता. त्यांनी मामाकडं बघितलं. मामा छताकडं बघत होता.

"दत्तू, खेळाची आवड हाय म्हणालतास."

"हाय की," मामा म्हणाला. "काल न्हाई का दिसली?"

तेवढ्यात अक्का पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली.

"पाणी नको!" आबा ओरडले. "एकदम चहाच आण. पाव्हण्यास्नी पाणी बाधतं."

"गडहिंग्लजहून येश्टीनं आल्यात," आतनं आईचा आवाज आला. "पाणी दे त्यांना, अक्का."

"आबा," बापू कानाशी लागला, "पाण्यात साखर टाकाया सांगा. सरबत हुतंय. सरबताचं आपण काय बोललो न्हाई."

पण निवासला तहान लागली होती. त्यानं तांब्या घेतला आणि वरनं धार धरून सगळा रिकामा केला. आबांचं अध्यक्षपद आमच्या डोळ्यांदेखत त्याच्या घशाखाली उतरलं.

पुढची चौकशी आमच्या पेठेत आजवर झालेल्या कुठल्याच मुलगी-बघण्यात झाली नसेल. कुणी पगार विचारला नाही, शेती विचारली नाही. अक्काला तर कुणी नावसुद्धा विचारलं नाही, ती पोह्यांचा ट्रे धरून उभीच राहिली. बापूनं मोबाईल काढला आणि टीपॉयवर ठेवला.

"बॉल हाय का न्हाई?" त्यानं विचारलं.

"आहे," निवास म्हणाला.

"पाय बॉलला हाय का न्हाई?"

"आहे. आता व्हिडिओ पुढं सोडा."

"पुढं रेंज नसती," बापू म्हणाला.

निवास हसला नाही, हे मला आवडलं. तो शाळेतल्या पोरांना सांगावं तसं शांतपणे सांगायला लागला. "बॉल आधी लागला का, हे मी बघतच नाही. दोन्ही पाय जमिनीवरनं सुटलेत का, बुटाचे खिळे वर आहेत का, आणि झेपेचा जोर त्याला स्वतःला तरी आवरता येणार आहे का, हे बघतो. नसेल, तर समोरच्याचं हाड नशिबावर सोडलं असा अर्थ. मग रेड."

"असं बघाय लागलासा तर आमच्या येळंला रोज अकरा रेड निघाल्या असत्या!" आबा म्हणाले.

"निघायलाच पाहिजे होत्या," निवास म्हणाला.

आबा ताडकन उठले. "आस्सं? थांबा. तुमास्नी एक टॅकल दाखवतो. त्या येळंच्या रेफ्रीनं शिट्टीला हात लावला न्हाई. तुमी काय दिलं असतं ते सांगा." त्यांनी टीपॉय भिंतीशी सरकवला, धोतराचा सोगा खोचला आणि मला हाक मारली. "धैर्या, हिकडं ये. तू नागझरीचा फॉरवर्ड."

मी उठलो. तेवढ्यात मामानं माझा हात धरून मला मागं केलं.

"बाजूला सर तू. तुला जागा म्हाईत न्हाई."

तो पाय ओढत खोलीच्या मधोमध जाऊन उभा राहिला. आबा थबकले. बापू मोबाईल पुसायला लागला. आतल्या खोलीत भांड्यांचा आवाज चालू होता, तो थांबला.

आता मागं फिरता येईना, म्हणून आबांनी एक पाऊल टाकून दाखवलं. "मी... म्हंजे आमचा बॅक हितनं आला. बाजूनं."

"मागनं," मामा म्हणाला.

तीस वर्षांत त्या गोष्टीतल्या फॉरवर्डनं तोंड उघडल्याची ही पहिलीच वेळ होती.

"बाजूनंच म्हणा की. बॉल ह्याच्या पायात हुता."

"पायात न्हवता. मी पुढं ढकललावता. बॉल गेलावता." मामा आबांकडं बघत नव्हता, आमच्या फरशीवर कुठंतरी बघत होता. "दोन्ही पाय आले. मी येताना बघितले न्हाईत, ऐकलं. गवत फाटल्यालं ऐकायला येतं."

निवास पुढं सरकून बसला होता. आपण कुणाच्या घरात, कुणाला काय विचारतोय, हे त्याला माहीत नव्हतं. त्याला फक्त टॅकल दिसत होता.

"बॉल गेला होता, पाय मागनं आले, दोन्ही सुटलेले," तो म्हणाला. "यात विचार करायला काही नाही. रेड."

"पाव्हणं," बापू म्हणाला, "त्यो टॅकल आबांचा हाय."

निवासनं आबांकडं बघितलं. मग मामाकडं, मग मामाच्या घोट्याकडं, आणि तिथनं अक्काकडं. अक्कानं मान खाली घातली.

आबा सावकाश कोचावर बसले. त्यांचा आवाज अगदी गोड झाला होता, आणि तो गोड झाला की आम्ही भावंडं लहानपणी मोरीत जाऊन लपायचो. "खेळ अजून परत सुरू झाल्याला न्हाई," ते म्हणाले. "तोवर रेफ्रीला निर्णय बदलता येतो. नियम हाय. तुमास्नी म्हाईत असंलच. पोरगी आमची गुणाची हाय. पोहं गार व्हायलेत. बोला."

सगळं अक्काच्या लग्नापाशी येऊन थांबलं होतं. एक शब्द फिरवला की मुहूर्त निघाला असता. मी मनातल्या मनात त्याला हात जोडले, की बाबा, म्हण, बाजूनं आला होता म्हण, आपल्या बापाचं काय जातंय. अक्काला एक नजर टाकून त्याला सांगता आलं असतं. तिनं वर बघितलंच नाही.

निवासला घाम फुटला होता. चिकटपट्टीचं एक टोक सुटलं होतं.

"बदलायला माझं काहीतरी चुकलेलं पाहिजे, आबा," तो म्हणाला. "हे बदललं तर कालचंही बदलायला लागेल. मग उद्या सगळंच."

"मग उठा," आबा म्हणाले.

तो उठला. अक्कानं ट्रे खाली ठेवला, आणि तो तिनं ज्या सावकाशपणे ठेवला त्यावरनं मला कळलं, की आता हा ट्रे या घरात पुन्हा कधी उचलला जाणार नाही.

"ते कशाला उठत्यात?"

आई दारात उभी होती. पदराला हात पुसत होती. तिचा आवाज चढलेला नव्हता.

"रेड कुणाला मिळाली?" तिनं विचारलं.

बापू भिंतीशी सरकवलेल्या टीपॉयकडं बघायला लागला.

"बापूभावजी, तुम्ही सेक्रेटरी. सांगा. रेड कुणाला मिळाली?"

"म्हंजे... तसं बघितलं तर... अध्यक्षास्नी," बापू म्हणाला.

"मग बाहेर कुणी जायचं? मला फुटबॉल कळत न्हाई. पण ज्याला रेड मिळती त्यानं मैदान सोडायचं, एवढं काल सगळी पेठ बोंबलत आली त्यात मलाबी कळलं." ती आबांकडं वळली. आजवर तिनं त्यांच्याकडं असं बघितलेलं मी पाहिलं नव्हतं. "दादाचा पाय रोज माझ्या डोळ्यापुढनं ओढत जातोय. मी कधी चकार शब्द काढला? न्हाई. जाऊ दे म्हटलं, शिट्टी वाजली न्हाई. आता वाजलीय. तुम्ही बाहेर बसा."

आबांनी बापूकडं बघितलं. बापूच्या मोबाईलमध्ये अचानक फार महत्त्वाचं काहीतरी आलं होतं. आबांनी माझ्याकडं बघितलं. मी टीपॉय जागेवर सरकवायला लागलो.

आबा उठले. काय झालं तरी ते खेळाडू होते. कार्ड मिळाल्यावर रेफ्रीशी हुज्जत घालत उभं राहणारी पोरं त्यांना कधी आवडली नव्हती, हे ते सर्जा सोडून सगळ्यांना सांगायचे. त्यांनी पिशवीतली चप्पल काढली, दाराजवळची दुसरी घेतली, दोन्ही पायांत घातल्या आणि करकर वाजवत बाहेर गेले.

"बसा," आई निवासला म्हणाली. "पोहं खावा."

माझ्या बहिणीचं लग्न ठरलं ते असं, वडील मैदानाबाहेर असताना. मैदानाबाहेर गेलेल्याला मत नसतं, असं आईनं परस्पर जाहीर केलं आणि सेक्रेटरीनं अनुमोदन दिलं. अक्का पहिल्यांदा खाली बसली. तिनं निवासच्या कपाळाकडं बघितलं.

"दुखतंय?"

"नाही."

"खोटं," ती म्हणाली, आणि सुटलेलं चिकटपट्टीचं टोक अंगठ्यानं दाबून बसवलं. सगळ्यांसमोर. बापूनं छताकडं बघितलं, कारण मामानं ते मोकळं केलं होतं.

अध्यक्षपदाचं काय झालं म्हणाल, तर काही नाही. त्याच आठवड्यात कट्ट्यावर कोर्ट बसलं आणि सेक्रेटरींनी शपथेवर सांगितलं, की पाव्हण्यानं घेतलं ते सरबत होतं. निवासला मात्र पुन्हा कधी आमची मॅच मिळाली नाही. बिरोबाचा जावई म्हणून नागझरीनं हरकत घेतली, आणि त्याला आम्ही चांगलं ओळखतो म्हणून आम्ही घेतली. दोन्ही पेठांचं एकमत झालेला माझ्या आठवणीतला तो एकच विषय.

पण त्या संध्याकाळचं थोडं राहिलंय.

आईनं मामाच्या हातात पोह्यांची बशी दिली आणि माझ्या हातात पाणी. आम्ही बाहेर आलो. आबा पायरीवर बसले होते. रस्त्यापलीकडं नागझरीची पोरं कालच्या विजयाचे उरलेले फटाके उडवत होती. मामा आबांच्या शेजारी बसला, उजवा पाय सरळ पुढं टाकून, कारण घोटा दुमडत नाही.

"खावा दाजी."

आबांनी बशी घेतली नाही. ते मामाच्या पायाकडं बघत होते. तो पाय ते रोज बघत होते, पण त्या दिवशी तो पहिल्यांदा दिसल्यासारखे बघत होते.

"दत्तू," ते म्हणाले. "लई दुखलं हुतं काय रं?"

मामानं बशी पायरीवर ठेवली.

"तुम्ही दवाखान्यात आलतासा," तो म्हणाला. "पेरू घिऊन. मला वाटलं, आता इचारतील. तुम्ही आमच्या शालनकडं बघत बसलासा."

"मग आत्ता सांग की."

"दुखलं हुतं," मामा म्हणाला. "पायापरास जास्ती, गोष्ट ऐकताना दुखायचं. रस्त्याच्या पल्ल्याड ऐकू येती ती."

फटाक्यांची एक माळ संपली, पोरं दुसरी लावायला धावली. मला तिथनं आत जायचं होतं, पण पाण्याचा तांब्या हातात तसाच होता.

"रेडच हुती ती," आबा म्हणाले.

मामानं तोंड नागझरीकडं फिरवलं आणि शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. बराच वेळ पुसत होता. आबांनी बशी उचलून मांडीवर घेतली आणि खाली मान घालून खायला लागले. दोन घास खाल्ले, तिसरा हातातच धरला.

"सर्जाची मातूर न्हवती," ते म्हणाले.

"दाजी," मामा म्हणाला, "पोहं खावा."